खिशात मावेल असं

देवदत्तला थोबाडीत बसली ती एस-बानमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या लोकलमध्ये, एका शनिवारी भरदुपारी, आणि बसली ती ईप्सितासमोर. थोबाडीत बसली हे तो एक वेळ विसरला असता. पोटच्या पोरीसमोर बसली ह्याने त्याचं डोकं फिरलं.

झालं होतं एवढंच. बापलेक पोहण्याच्या क्लासवरून परत येत होते. पोरगी पंधराची. समोर एक दारू प्यालेला माणूस येऊन बसला आणि यांच्याकडे बघून काहीबाही बरळायला लागला. देवदत्त म्हणाला, "प्लीज, मुलगी आहे बरोबर." त्यावर त्या माणसाने उठून याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. चष्मा उडाला. डब्यात वीसएक माणसं होती, त्या सगळ्यांना नेमकं त्याच वेळी फोनमध्ये महत्त्वाचं काम निघालं. आणि हा आमचा स्टुटगार्टचा सीनियर इंजिनिअर, हाताखाली नऊ जण असलेला, काय म्हणाला? "सॉरी, सॉरी." वर दोनदा. मग चष्मा उचलला, मुलीचा दंड धरला आणि पुढच्याच स्टेशनवर उतरला.

घरापर्यंत ईप्सिता एक शब्द बोलली नाही. जेवतानाही नाही. देवदत्तने ठरवूनच टाकलं की आपण हिच्या नजरेतून उतरलो. अरे बाबा, एकदा विचारायचं ना तिला! पण नाही. ऑफिसात एका स्क्रूसाठी तीन तीन मीटिंगा घेणारा हा माणूस, घरात मात्र विचारायची वेळ आली की तोंडात गुळणी धरून बसतो.

लतिका, त्याची बायको, म्हणाली, "पोलिसांत जाऊ या."

"जाऊन काय सांगू? मार खाल्ला आणि वर सॉरी म्हणालो?"

"मग करणार काय आहेस?"

"बघतो मी," देवदत्त म्हणाला.

त्याने बघितलं ते रिव्हॉल्व्हर. खरं नव्हे. खरं घेऊन फिरायला इथे कोण देतंय! पण आवाजाचं रिव्हॉल्व्हर मिळतं. त्यातून गोळी सुटत नाही, मोठा बार होतो, फार तर डोळ्यांत झोंबणारा गॅस निघतो. दिसायला मात्र अगदी खऱ्यासारखं. ते खिशात घालून हिंडायचं तर छोटा परवाना लागतो. देवदत्तने अर्ज केला. कुठे गुन्हा नाही, साधा तिकिटाचा दंड नाही, बारा वर्षांत गाडी चुकीच्या जागी लावलेली नाही. तीन महिन्यांनी परवाना घरी आला.

आता निवडायचं कोणतं? इथे गड्याला चेव आला. देवदत्तचं पोटापाण्याचं काम म्हणजे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या. बिजागरी निवडताना तो जी पद्धत वापरतो तीच त्याने रिव्हॉल्व्हरला लावली. एक तक्ता केला. सात मॉडेलं, नऊ निकष, प्रत्येक निकषाला गुण. वजन किती, जाडी किती, मूठ हातात बसते का, घोडा वर आलेला असेल तर खिशाच्या अस्तरात अडकतो का. चारशे ग्रॅमचा एक लोखंडी ठोकळा ऑफिसच्या वर्कशॉपमधून आणून पंधरा दिवस उजव्या खिशात बाळगला. पँट एका बाजूने घसरायला लागली. मग जॅकेटचा खिसा, मग परत पँट, पट्टा घट्ट करून.

"काय रे, इतकी चौकशी तू लतिकाला बघायला गेलास तेव्हा तरी केली होतीस का?" दिनकर म्हणाला. दिनकर हा त्याचा या शहरातला एकुलता एक खरा मित्र, एक जिना वर राहणारा. दुकानात तोही बरोबर आला होता.

दुकानाची मालकीण सत्तरीची, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. भिंतीवर शिकारीचे हिरवे कोट टांगलेले. तिने काचेवर हिरवं मखमली कापड पसरलं आणि तीन नग मांडले. पहिलं चकचकीत, जडशीळ, दाखवायला छान. दुसरं काळं, हलकं, पण देवदत्तने उलटंपालटं करून नाक मुरडलं, "हे झिंकचं ओतीव काम आहे. कडा बघा, घासलेल्यासुद्धा नाहीत." तिसरं सगळ्यात छोटं. दोन इंचांची नळी, पाच बार, घोडा आत लपलेला, बाहेर काही टोक नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मालकीण म्हणाली, "खिशासाठी हेच. पण जत्रेत, सिनेमाला, मॅचला न्यायचं नाही. घरी कुलपात ठेवायचं. घरात मुलं आहेत?"

"एक मुलगी. तिच्यासाठीच घेतोय."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. देवदत्तने ते पँटच्या खिशात घालून पाहिलं, खाली बसून पाहिलं, वाकून पाहिलं, दुकानात दोन फेऱ्या मारल्या. कुठे फुगवटा दिसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून दिनकरला हसू फुटलं आणि मग का कोण जाणे, ते विरलंही.

त्यानंतर देवदत्त ताठ चालायला लागला, हे खरं. शनिवारी पोरीला आणायला जाताना उजवा हात खिशात. संध्याकाळी ऑफिसातून आला की दिवाणखान्याचं दार लोटून मोठ्या आरशासमोर उभा राहायचा. हात खिशात, हात बाहेर, दोन्ही पाय फाकवून, "हाल्ट!" परत. फोनवर वेळ लावून. एक पूर्णांक चार सेकंद. एक पूर्णांक दोन. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. देवदत्तच्या घरी ही पूजा दरवर्षी व्हायची. चौरंगावर लॅपटॉप, व्हर्निअर कॅलिपर, लतिकाची सुरी, ईप्सिताची कंपासपेटी. या वर्षी त्याने कुलपातून रिव्हॉल्व्हर काढलं आणि मधोमध ठेवलं. त्याला हळदकुंकू वाहिलं, नळीवर झेंडूचं फूल टेकवलं. शस्त्र म्हणावं असं काही पहिल्यांदाच घरात आलं होतं, आणि तो खुशीत होता.

"अरे, ते कशाला?" लतिका हळूच म्हणाली.

"शस्त्रपूजा आहे ना? मग कंपासपेटीची काय पूजा करायची?"

दिनकर आणि त्याची बायको नीता प्रसादाला आली होती. नीताने फोन काढला. "ईप्सिता, चौरंगापाशी बस गं. अशी नाही, जरा जवळ सरक." ईप्सिता बसली. तिने हात मांडीखाली घेतले होते. नीताने फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे आले.

तीन आठवड्यांनी शस्त्रखात्याचं पत्र आलं. शस्त्र उघड्यावर, अल्पवयीन मुलीच्या हाताशी ठेवल्याची माहिती मिळाली आहे, देवदत्तने अमुक दिवशी शस्त्र घेऊन यावं आणि खुलासा करावा. सोबत फोटोची प्रत. झेंडूसकट.

देवदत्त तडक एक जिना वर गेला. दार नीताने उघडलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला फोटो टाकायला? मंडळातल्या कुठल्या हरामखोराने तक्रार केली, बोला! की तुम्हीच केलीत?"

"अहो देवदत्त, काय बोलताय?"

दिनकर मागून आला. "देवा, तोंड सांभाळ."

"तू मला शिकवू नकोस! त्या दुकानात हसत होतास ना माझ्यावर? मी बघितलंय. मी मार खाल्ला तेव्हाही हसला असशील."

दिनकरने दार लावून घेतलं. त्या दोघांचं बोलणं जे बंद झालं ते आजतागायत.

ठरलेल्या दिवशी देवदत्त कार्यालयात गेला. टेबलापलीकडे दोन बाया होत्या. एक शस्त्रखात्याची, दुसरी मुलांच्या खात्याची. देवदत्तने खंडेनवमी समजावून सांगितली. आमच्याकडे अवजारांची पूजा असते, तो एक आदर असतो, वगैरे. दोघींनी मान हलवत सगळं लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, "मला निदान एवढं कळू दे, तक्रार कोणत्या शेजाऱ्याची आहे?"

मुलांच्या खात्याच्या बाईने पेन खाली ठेवलं. "शेजाऱ्याची नाही. तुमची मुलगी शाळेत समुपदेशकांकडे गेली होती. स्वतःहून. फोटो तिनेच दिला. तुम्ही विचारलंत तर तिचं नाव सांगावं, असंही तीच म्हणाली."

मग बाईने कागदावरचं वाचून दाखवलं. वडील रोज संध्याकाळी आरशासमोर कोणाला तरी मारायचा सराव करतात. त्या वेळी त्यांचा चेहरा ओळखू येत नाही. शनिवारी ट्रेनमध्ये ते माणसांकडे बघत बसतात, कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघतात.

देवदत्तला वाटलं, खुर्चीसकट जमीन पोटात घेईल तर बरं. परवाना आणि रिव्हॉल्व्हर स्वखुशीने परत केलंत तर प्रकरण इथेच मिटेल, असं शस्त्रखात्याची बाई म्हणाली. त्याने जिथे दाखवलं तिथे सही केली.

घरी आला तेव्हा ईप्सिता स्वयंपाकघरात अभ्यास करत होती. लतिका ओट्यापाशी. देवदत्त मुलीसमोर बसला. आता रागवायचं तरी काय! त्याच्या मनात वर्षभर साठलेलं तेवढं बाहेर आलं.

"त्या माणसाने मला मारलं तेव्हा तुला माझी लाज वाटली ना?"

"कोणाला? मला?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलत होती. "लाज कसली? तू मला घेऊन खाली उतरलास. मला घाबरायलाही वेळ मिळाला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या ओठातून रक्त येत होतं, बाबा. मी काय बोलणार होते?"

लतिकाने गॅस बंद केला. देवदत्तने टेबलावरची तिची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"ते गेलं आता," तो म्हणाला. "देऊन आलो. शनिवारी येशील ना माझ्याबरोबर?"

ईप्सिताने खरंच विचार केला. वरवरचं म्हणायचं म्हणून म्हणाली नाही.

"नको. मी आईबरोबर जाईन."

"का पण? आता माझ्याकडे काही नाहीये. हे बघ, खिसे बघ."

"तू दुसरं काहीतरी आणशील."

"छे! काहीतरीच काय बोलतेस!"

तो हसायला गेला, पण ती हसली नाही, वहीत मान घालून लिहायला लागली. तासाभरापूर्वी, कार्यालयातून परतताना, एस-बानच्या सीटवर बसल्या बसल्या आपण फोनवर पेपर स्प्रेच्या छोट्या बाटल्यांची वजनं ताडून बघत होतो, हे देवदत्तने तिला सांगितलं नाही.