हलकं गोड

पुण्याच्या डॉक्टरांनी रोहिणीचे सगळे रिपोर्ट बघितले, तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "किडनी जुळते. पण या वजनावर मी तुमचं ऑपरेशन करणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. बारा किलो उतरवा आणि या."

"एवढंच ना?" रोहिणी हसून म्हणाली. "उतरवते की."

शेजारच्या खुर्चीत तिची धाकटी बहीण सुकन्या बसली होती. मुलगी निकिता झाल्यापासून सुकन्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं, पण तिसगावला शेतीच्या कामात ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाय सुजायला लागले तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नवऱ्याचा, आदिनाथचा, रक्तगट जुळला नाही. आईवडील कधीच गेले होते. राहिली रोहिणी. आई गेल्यावर शाळकरी सुकन्याला नगरला लागून असलेल्या भिंगारला आपल्या घरी आणून तिनंच दहावी करवली होती, तिनंच तिचं लग्न लावून दिलं होतं. रोहिणीला स्वतःचं मूल नव्हतं. किडनी द्यायची का, असा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारलासुद्धा नाही.

डायलिसिस नगरला होतं, म्हणून सुकन्या भिंगारला बहिणीकडेच राहायला आली. रोहिणीचा नवरा कल्याण नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होता. सकाळी तो डबा घेऊन निघून गेला की घरात दोघी बहिणीच असत. रविवारी आदिनाथ निकिताला घेऊन करंजीचा घाट चढून यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा.

सुकन्याला पाणीही मोजून प्यावं लागे. केळी बंद, चिकू बंद, नारळ बंद, सुका मेवा बंद. फळांत चालायचं ते सफरचंद. रोहिणीलाही जेवणानंतर काही गोड लागायचंच, त्याशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नसे. तिच्या हातच्या पुरणपोळ्या आणि बासुंदी गल्लीत नावाजलेली होती. आता ते सगळं बंद म्हटल्यावर तिनं मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. सफरचंदाचा हलवा, सफरचंदाची बर्फी, सफरचंदाची खीर. व्हिडिओवाले सगळ्यांत पहिल्यांदा हेच सांगायचे, साखर अजिबात नाही, वजन वाढणार नाही.

ती बाजारातून पिशवीभर सफरचंदं आणायची. सुकन्यासाठी दोन फोडी पाण्यात शिजवून त्यावर चिमूटभर साखर. स्वतःसाठी किसलेलं सफरचंद तुपावर परतायचं, त्यात खजुराचा गर, वरून मध. मऊ, तपकिरी, चकाकणारा हलवा व्हायचा. सगळ्या घरात वास सुटायचा.

"अहो, बिनसाखरेचं आहे," ती कल्याणला सांगायची. "नुसतं फळ. कितीही खाल्लं तरी बाधत नाही."

आणि ती वाटीभर खायची. हलकंच आहे म्हणून आणखी अर्धी वाटी. पोळ्या तिनं खरोखर कमी केल्या होत्या, भात सोडला होता. दिवाळीत तिनं एक करंजी तोंडात घातली नाही. शेजारच्या छबूबाईंनी ताट आणून दिलं तर तिनं ते तसंच कल्याणपुढे सरकवलं आणि स्वतः हलव्याची वाटी घेऊन बसली. मनातल्या मनात तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

संक्रांत आली तरी काटा दीड किलोच खाली गेला होता.

तेव्हा तिला भीती वाटली. डायलिसिसच्या ठिकाणी राजेश्वरी मॅडम म्हणून आहारतज्ज्ञ बसायच्या. रोहिणी त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात जरासा अभिमानही होता.

"हलव्यात खजूर किती घालता?" मॅडमनी विचारलं.

"मूठभर."

"आणि तूप?"

"चमचाभरच."

"चमचा कुठला?"

रोहिणीनं हातानं दाखवलं. तो आमटी वाढायचा डाव होता.

राजेश्वरी मॅडम हसल्या नाहीत. "ताई, खजूर म्हणजे साखरच. मधही साखरच. डबा बदलला, आतला माल तोच. सफरचंद बिचारं चांगलं आहे, त्याच्या नावावर तुम्ही दुसरंच खाताय."

"मग मी इतके दिवस काय केलं?"

"झालं ते झालं. आजपासून नीट करू. सफरचंदाला स्वतःची गोडी असते. ती बाहेर काढायची, बाकी काही घालायचं नाही."

त्या दिवसापासून घरातल्या दोन पातेल्यांचं एक पातेलं झालं. रोहिणी सफरचंदाच्या पातळ चकत्या करायची, कोरड्या तव्यावर मंद आचेवर टाकायची, वर दालचिनीची पूड भुरभुरायची आणि झाकण ठेवायची. थोड्या वेळानं चकत्यांना पाणी सुटायचं, मग ते आटायचं आणि कडा तांबूस व्हायच्या. कधी ती अख्ख्या सफरचंदाचं मधलं कोरून तिथं लवंग खोचायची आणि कुकरमध्ये वाफवायची. मऊ झालं की चमच्यानं खायचं. तूप नाही, मध नाही. पहिले काही दिवस तिला ते घशाखाली उतरेना. जीभ रागावल्यासारखी झाली होती. मग हळूहळू चव लागायला लागली.

"आक्का, कडेचं दे मला, करपल्यालं," सुकन्या म्हणायची. "गुळावानी लागतंय बघ."

दोघी स्वयंपाकघरात खाली बसून एकाच ताटलीतून खायच्या. सुकन्याला जेवणावरची वासना उरली नव्हती, पण त्या चकत्या ती खायची. त्या सबंध आजारपणात तेवढंच काय ते बरं होतं.

रोहिणी पहाटे कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यानं चालायला जाऊ लागली. पहिल्यांदा गुडघे बोंबलायचे. जवान पळत पुढे निघून जायचे आणि ही झाडाला धरून उभी राहायची. पण ती गेली. रोज गेली. काटा उतरायला लागला आणि मग थांबला नाही.

होळीच्या सुमाराला सुकन्याचं हिमोग्लोबिन एकदम घसरलं. ती उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, दम लागायचा. रक्त चढवण्यावाचून इलाज नव्हता. चढवलं, आणि दोनच दिवसांत तिच्या ओठांना रंग आला. रोहिणीला इतका आनंद झाला की तिनं कल्याणला कामावर फोन करून सांगितलं. पाडव्यानंतर पुन्हा एकदा चढवावं लागलं. या गोष्टीत भिण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मे महिन्यात रोहिणीचं बारा किलो वजन उतरलं. ब्लाउज सगळे आटवून घेतले होते, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती सुकन्याला आणि आदिनाथला घेऊन पुण्याला गेली. काट्यावर उभं राहताना तिनं चपलांबरोबर गळ्यातलं मंगळसूत्रही काढून सुकन्याच्या हातात दिलं. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास. असं करून दाखवणारे फार थोडे." पुन्हा एकदा दोघींचं रक्त तपासायला घेतलं. नुसती रीत म्हणून, असं रोहिणीला वाटलं.

आठवड्यानं परत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं.

"या वेळी जुळत नाही," ते म्हणाले.

"पण जुळत होतं की," रोहिणी म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

"तेव्हा जुळत होतं. मधे यांना रक्त चढवलं. ते चढवणं भागच होतं, नाहीतर जीव गेला असता. पण परकं रक्त आत गेलं की कधीकधी शरीर परक्याशी लढायला शिकतं. यांचं शरीर शिकलंय. आता तुमची किडनी बसवली तर ते ती टेबलावरच मारून टाकेल."

आदिनाथ पुढं सरकला. "औषधानं काय हुईल का, डॉक्टरसाहेब?"

"प्रयत्न करता येतो. पण यांच्या रक्तात तसे लढणारे घटक इतके जास्त आहेत की मी खोटी आशा दाखवणार नाही. मयत दात्याच्या यादीत नाव घालू. मात्र आता यांना जुळणारं माणूस मिळणं फार अवघड आहे."

रोहिणीनं खालच्या आवाजात विचारलं, "होळीच्या आधी आलो असतो तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असा विचार करायचा नसतो."

"पण आलो असतो तर?"

"तेव्हा झालं असतं," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर बसले. शिरूर मागे पडल्यावर आदिनाथनं पाण्याची बाटली पुढे केली. "आक्का, तुमचा काय दोष न्हाई ह्यात. तुमी लई केलं. सख्खा भाऊ करनार न्हाई एवढं केलं." रोहिणीनं बाटली घेतली, पण पाणी प्यायली नाही. सुकन्या खिडकीला डोकं लावून बाहेर बघत होती.

आदिनाथ त्याच संध्याकाळी तिसगावला गेला. कल्याण अजून आला नव्हता. रोहिणीनं दिवा लावला आणि बहिणीच्या कॉटजवळ खाली बसली.

"सुकू, ते दिवाळीपासूनचं... मी नीट केलं असतं तर होळीच्या आधीच..."

"मला ठाव हाय, आक्का."

"मला खरंच कळलं नव्हतं गं. मला वाटलं, बिनसाखरेचं आहे..."

"मला कळलं हुतं," सुकन्या म्हणाली.

रोहिणीनं वर बघितलं.

"घरभर तुपाचा वास यायचा. मी हितं पडून बघायची. तू वाटी भरायची, मग परत भरायची. काटा हलत न्हाई ते मला बी दिसत हुतं." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्दाला दम घेत. "रोज वाटायचं, म्हनावं, आक्का, नको खाऊ. पर म्हनू कसं? किडनी तू देनार हुतीस. मागनाऱ्यानं कशी जीभ उचलायची? तुला वाटलं असतं, बघा, माझ्या जिवावर उठली आन् वर माझा घास मोजती."

"अगं, तू बोलायचंस. नुसतं एकदा बोलायचंस."

"व्हय. बोलाय पायजे हुतं." सुकन्यानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. "तुझं बी चुकलं, माझं बी चुकलं. आता काय करायचं त्याचं."

रोहिणीला वाटलं, सुकन्यानं भांडावं, शिव्या द्याव्यात. थोड्या वेळानं ती झोपली, किंवा झोपल्यासारखी पडून राहिली.

पुढच्या रविवारी आदिनाथ आला तेव्हा सुकन्यानं आपले कपडे पिशवीत भरून ठेवले होते. "निकिताजवळ राहते," एवढंच ती म्हणाली. डायलिसिसला ती तिसगावाहून यायला लागली. जाऊन-येऊन सगळा दिवस मोडायचा आणि ती घरी पोचेपर्यंत पिळून काढल्यासारखी व्हायची. रोहिणी दरवेळी दवाखान्यात जाऊन तिच्याजवळ बसायची. सुकन्या तिच्याशी नीट बोलायची, निकिताच्या शाळेचं सांगायची. घरी चल मात्र म्हटलं की मान हलवायची.

इकडे रोहिणीची तब्येत कधी नव्हती इतकी चांगली झाली होती. गुडघे दुखायचे थांबले. जिना चढताना लागणारा दम गेला. वजनामुळे चालू असलेली ब्लडप्रेशरची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. बहिणीसाठी जे जे सोसलं, त्याचा सगळा गुण तिला एकटीलाच आला होता. हे तिच्या मनात आलं की तिला आपल्याच अंगाची शिसारी यायची.

एकदा छबूबाईंनी तिला दारातच धरलं. "रोहिणी, काय बारीक झालीस गं! आमच्या सुनेला पण सांग की, काय खातेस ते. गोडसुद्धा खातेस म्हणे?"

छबूबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. रोहिणी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं सांगितलं. "सफरचंदाच्या पातळ चकत्या करायच्या. कोरडा तवा. तूप नाही, मध नाही, खजूर अजिबात नाही. दालचिनी घालायची आणि आच मंद ठेवायची." छबूबाई म्हणाल्या, "एवढंच?" रोहिणी म्हणाली, "एवढंच," आणि आत येऊन तिनं दार लावून घेतलं. कल्याण आला तेव्हा ती मोरीपाशी तशीच बसलेली होती. त्यानंच भात टाकला.

आषाढात एका सकाळी आदिनाथचा फोन आला. "आक्का, ती डायलिसिसला यायला तयार न्हाई. बस झालं म्हनती. तुमीच या."

रोहिणी मिळेल त्या गाडीनं तिसगावला गेली. सुकन्या पडवीत कॉटवर होती. चेहरा सुजला होता, पाय फुगून चकाकत होते. निकिता पायाशी बसून तळवे चोळत होती.

"चल, सुकू."

"कशाला? आज गेले तरी दोन दिसांनी परत जायाचं. मग परत. कुठवर?"

"निकितासाठी चल."

"तिच्यासाठीच एवढी आले की." सुकन्यानं डोळे मिटले. रोहिणी तिचा हात धरून बसली. शेवटी सुकन्याच म्हणाली, "आजच्यापुरती येते. तू आलीस म्हनून. सारखी सारखी येऊ नगंस."

आदिनाथनं गावातली जीप आणली. मागच्या सीटवर दोघी बसल्या. घाट चढताना गाडी हेलकावायला लागली तसं सुकन्यानं बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. पण तिला तिथं ठीक वाटेना. तिनं डोकं जरा इकडे केलं, जरा तिकडे केलं आणि मग उचलून घेतलं.

"हाड टोचतंय गं, आक्का," ती म्हणाली.

रोहिणीनं पदराची घडी करून खांद्यावर ठेवली. सुकन्यानं पुन्हा डोकं टेकलं. नगर येईपर्यंत रोहिणी हलली नाही.

त्यानंतर सुकन्या आणखी काही वेळा आली. श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी ती यायला उठलीच नाही; झोपेतच गेली होती. आदिनाथनं भिंगारला फोन केला तेव्हा रोहिणी चालून परत येत होती, आणि रस्त्यावर जवानांची सकाळची कवायत नुकतीच सुरू झाली होती.