दोन नळ्यांचा अँटेना

"तीन नळ्यांचा अँटेना घ्या, वर मोटर बसवू. बटन दाबलं की फिरला. बाबा, उगं हट्ट कशाला करायलाव?" पुण्याहून आलेला आमचा वरद चिडला होता.

"बटन तू दाब. मला दोन नळ्यांचाच पाहिजे," हे म्हणाले.

पूर्णा जंक्शनवर सिग्नल खात्यात यांची नोकरी झाली, पण जीव सगळा हौशी रेडिओत. रीतसर परवाना काढून चाळीस वर्षं मोर्सच्या कट्ट-कडकट्टातून जगभर गप्पा मारल्या. शेजाऱ्यापेक्षा फिनलंडवाल्याची चौकशी जास्त! गेल्या वर्षी लकव्यानं उजवा हात गेला आणि रेडिओवर कापड पडलं. मग हट्टानं डाव्या हातानं मोर्स गिरवलं. आता हवा होता नवा अँटेना, जिकडे तोंड करू तिकडचं नीट ऐकणारा.

"तीनवाला लांबचं पकडतो," वरद म्हणाला. ते खरंच होतं.

"पकडतो ना. पण लय जड. मला एका हातानं फिरंल का? आन् मोटर बिघडली तर गच्चीवर कोण चढणार, तुझी आई?"

"मी चढते की!" मी म्हणाले. दोघांनीही माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

शेवटी वेल्डिंगवाल्या महारुद्रनं यांच्या मनासारखं केलं. अँटेनाचा खांब गच्चीवरून थेट खिडकीपाशी उतरवला आणि खाली सायकलचं हँडल जोडलं.

"एवढ्याशानं कुणाला ऐकू जायचं?" वरद पुटपुटला. उत्तर आलं नाही तर हा माणूस पुन्हा रेडिओला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी यांनी हँडल उत्तरेला वळवलं.

"अहो, अमेरिका पश्चिमेला ना?"

"नकाशात. पृथ्वी गोल हाय, जवळची वाट वरून, उत्तर ध्रुवावरून जाती."

हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा दिली. हँडल जरासं सरकवून तिसऱ्यांदा दिली, आणि खरखरीतून बारीक कट्ट-कट्ट आलं.

"बोस्टन!" हे ओरडले. मला रडूच आलं. "ऐक रे," मी वरदला म्हणाले, "तुझ्या बापाला अमेरिकेत ऐकलं!"

पलीकडून येणारं एकेक अक्षर हे आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होते. "अँटेना कोणता, म्हणतो." यांनी सावकाश वाजवलं, दोन नळ्या, हातानं फिरवतो. मग पुढचं वाचलं, "छान. फार हळू वाजवता. नवीन आहात का?"

वरद उसळला. "सांगा त्याला, चाळीस वर्षं झालीत म्हणून!"

हे खुर्चीत ताठ बसले. डावा हात पुन्हा मोर्सच्या कळेवर ठेवला आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता वाजवलं,

"हो. यंदाच शिकलो."