बोटांनी काढलेली कत्तल

इटलीतल्या ब्रेशा शहरात बाबांचं नाव होतं ते गुळगुळीत चेहऱ्यांसाठी. त्यांच्या मेरीमातेच्या गालावर कुंचल्याचा एक फटकारा दिसायचा नाही. सत्तरी आली तसा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात थरथरायला लागला आणि बाबा, म्हणजे लोकांचे फाउस्तिनो मास्तर, कुंचला टाकून बोटांनीच रंग फासायला लागले.

त्याच वर्षी चर्चच्या मंडळींनी त्यांच्याकडे बायबलमधल्या हेरोद राजाने करवलेल्या बाळांच्या कत्तलीचं चित्र मागितलं. बाबांनी काढलेल्या सैनिकांना चेहरेच नव्हते, नुसते तांबडे-काळे ओरखडे. एका आईचं तोंड बाबांनी ओल्या रंगात अंगठ्याने खणून उघडं केलं होतं.

"हे काय, बाबा?"

"फ्रेंच सैन्य शहरात घुसलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, आफ्रा. तुझ्या आत्याला दारातच भोसकलं त्यांनी. पन्नास वर्षं हा हात इतका सफाईदार, की ते काढायला जावं तर सुंदरच व्हायचं."

माझा नवरा बास्तियान त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला त्या चित्राची लाज वाटायची. रविवारी बाबा प्रार्थनेला गेले आणि त्याने बारीक कुंचल्याने त्या आईचा चेहरा नीटनेटका केला. गालावर दोन अश्रूही काढले. मी बघत होते. थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

बाबांनी आल्या आल्या चित्रावरून बोट फिरवलं आणि ते थबकले.

"गुळगुळीत कुणी केलं?"

"मास्तर, लोक हसतील हो. म्हणतील, म्हातारा आंधळा झाला."

"झालोच आहे, जावईबापू. हात आण बघू इकडे."

बास्तियानला वाटलं, आधार मागताहेत. त्याने हात पुढे केला. बाबांनी तो टेबलावर दाबला आणि रंग घोटायचा दगड त्यावर आदळला. पुन्हा आदळला. हाडं मोडलेली मी ऐकली. मी मध्ये पडले तर तिसरा घाव माझ्या भुवईवर बसला, रक्त डोळ्यात उतरलं. बास्तियान गुरासारखा ओरडत होता आणि बाबा आमच्याकडे पाठ करून चित्रातल्या आईचा तो चेहरा नखांनी ओरबाडून काढत होते.

आठवड्याभरात आम्ही वेरोनाला निघून गेलो. बास्तियानची दोन बोटं परत कधी वळली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी मयतीला गेले नाही.

तीन वर्षांनी मी एकटीच ब्रेशाच्या चर्चमध्ये लावलेलं ते चित्र बघायला गेले. समोर एक म्हातारी उभी होती.

"असंच होतं," ती म्हणाली. "फ्रेंच आले तेव्हा मी होते ना इथे."

माझा राग तसूभर कमी झाला नव्हता, पण पाय निघेनात. घरी आल्यावर बास्तियानने विचारलं, "कसं दिसतं गं?"

"गुळगुळीत नाही," मी म्हणाले.