झडप आणि चार बोटे

हंगामातल्या शेवटच्या प्रयोगाचा पडदा पडला, टाळ्या विरल्या, प्रेक्षागृह रिकामे झाले, आणि मग रंगमंचाच्या फळ्यांलगतून एक क्षीण, परंतु उच्चारांनी निर्दोष अशी हाक आली, "वर ओढायला कोणी आहे का?"

हाक कुजबुजकाकांची होती. गेली एकतीस वर्षे ते त्या नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर होते, आणि त्यांचे खरे नाव व्यवस्थापकालाही वही उघडल्याशिवाय सांगता आले नसते. रंगमंचात एक चौकोनी झडप होती. तिच्यातून शिडीच्या पाच पायऱ्या उतरल्या की एक स्टूल, स्टुलासमोर संहिता ठेवायची फळी, आणि डोक्यावर मंचाच्या काठाशी बसवलेली लाकडी घुमटी. त्या घुमटीतून प्रेक्षकांकडे पाठ करून, फक्त नटांना ऐकू जाईल अशा स्वरात विसरलेले शब्द पुरवणे हे काकांचे जीवितकार्य. ते त्या जागेत पाऊल टाकण्यापूर्वी झडपेच्या काठाला हात लावून तो कपाळी लावीत. देवघरात शिरताना माणूस जेवढा नम्र होतो तेवढे ते होत. दुर्दैवाने, नम्रतेने माणूस वाकतो, बारीक होत नाही.

त्या दिवशी उतरताना वजनाने त्यांना साथ दिली होती. चढताना मात्र ते बेंबीपाशी अडकले. अर्धे काका मंचावर आणि अर्धे मंचाखाली.

मंडळीचा सुतार धावत आला. त्याने काकांच्या बगलेत हात घातले. "श्वास सोडा, काका!"

"सोडला तर बोलू कसा?"

"बोलू नका. अंग तेवढं बाहेर काढा!"

तिसऱ्या हिसक्याला काका निघाले. त्यांच्या जाकिटाची तीन बटणे मात्र त्यांच्याआधी निघाली होती, आणि त्यांतले एक वादकांच्या ड्रमवर टण्णकन वाजले. कपडेपट सांभाळणाऱ्या काकू, म्हणजे कुजबुजकाकांच्या धर्मपत्नी, तोंडात टाचण्या धरून विंगेत उभ्या होत्या. त्यांनी तिन्ही बटणे निमूटपणे वेचली. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकांना त्या टाचण्यांचा आयुष्यात प्रथमच आधार वाटला.

"काका," व्यवस्थापक म्हणाले, "नवं नाटक बारा आठवड्यांनी लागतंय. तोवर झडप काही वाढायची नाही."

"मोठी करता येईल की!"

सुताराने मान हलवली. "दोन्ही बाजूंना तुळया आहेत, काका. त्या कापल्या तर तुम्ही खाली जाल, पण सगळं नाटकही तुमच्यामागे खाली येईल."

"मग तिकीटखिडकीवरच्या कारकुनाला बसवू," व्यवस्थापक म्हणाले. "तो त्या भोकातून एकाच वेळी दोनदा जाईल."

हे ऐकून सगळे हसले. एकटे महाराज हसले नाहीत.

महाराज म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ नट. चाळीस वर्षे त्यांनी राजाखेरीज दुसरी भूमिका केली नव्हती, त्यामुळे घरच्या माणसांनीही त्यांचे खरे नाव सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकांच्या घरी आले आणि सिंहासनावर बसावे तसे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"तुला एक सांगतो, कोणाजवळ बोलू नकोस. पूर्वी मी एका प्रयोगात दोनतीनदा अडायचो. परवा मोजलं. अकरा वेळा."

"बारा वेळा, महाराज," काका हळूच म्हणाले.

"बघ! मला अकराच वाटल्या." महाराजांचा चेहरा पडला. "अरे, कारकून शब्द वाचून दाखवेल. पण मी कुठे अभिनयासाठी थांबलोय आणि कुठे खरंच विसरलोय, हे त्याला कसं कळणार? ते तुलाच कळतं. नव्या नाटकात तू खाली नसलास, तर पहिल्याच अंकात सगळ्या गावाला कळेल की म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालंय. मग माझा मुकुट खुंटीला."

काकांना हे कळण्यामागे एक साधी खूण होती, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. महाराज अभिनयासाठी थांबले तर त्यांचा डावा हात मोकळा राही, आणि विसरले तर डाव्या हाताचा अंगठा मुठीत जाई.

"मी खाली असेन," काका म्हणाले. त्यांचा स्वर प्रतिज्ञेचा होता, परंतु हात सवयीने लोणी लावलेल्या चौथ्या पावाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

अन्नाविषयी काकांच्या मनात मोठा भक्तिभाव होता, आणि भक्तीत मोजमाप करणे त्यांना अप्रशस्त वाटे. त्यामुळे कमी खाणे ही कल्पनाच त्यांना सुचली नाही. सुचला तो संन्यास. रंगभूषाकाराने सांगितले की सगळे पाप धान्यात आहे. काकांनी पाव आणि भात सोडला. आठवड्याने ड्रमवाला म्हणाला, "छे! खरे वैरी लोणी आणि तेल." तेही सुटले. मग साखर सुटली, मग बटाटे, आणि कोणीतरी दुधाबद्दल नाक मुरडले तेव्हा दूधही. काकू डब्यात सगळे पूर्ववत भरत, आणि काका त्यातले निषिद्ध पदार्थ काढून महाराजांच्या खोलीत नेऊन ठेवीत. महाराज त्या दानाचा स्वीकार राजाला शोभेल अशा उदार मनाने करीत.

परिणाम तालमीत दिसू लागले. दुसऱ्या अंकात राजा भावाच्या मृतदेहापाशी निःशब्द उभा राहतो. त्या गंभीर शांततेत मंचाखालून एक दीर्घ, खोल, चढत जाणारा गडगडाट ऐकू आला. महाराजांनी चमकून वर पाहिले, आणि ते थेट चौथ्या अंकातले वादळाचे भाषण बोलू लागले. भावाच्या प्रेताने घाबरून एक डोळा उघडला.

"ढग कोणी वाजवले?" व्यवस्थापक ओरडले.

"ढग नाहीत," घुमटीतून विनम्र उत्तर आले. "मी आहे."

तालमीपुरते काकांना अजून त्या झडपेतून कसेबसे रेटून खाली सोडीत, आणि वर काढायला सुतार व दोरी हजर असे. सुताराने त्या मापाची एक लाकडी चौकट करून कपडेपटाच्या खोलीत टांगली होती. दर सोमवारी काकू ती काकांच्या डोक्यावरून खाली घालीत. पहिल्या सोमवारी ती जाकिटाच्या तिसऱ्या काजाशी अडली. दोन आठवड्यांनी चौथ्याशी अडली आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याच संध्याकाळी उपाशी मनाने सूड घेतला. बाजारातून परतताना त्यांनी एक अख्खा पाव रस्त्यातच संपवला, आणि पुढच्या सोमवारी चौकट पुन्हा तिसऱ्या काजावर होती.

चौथ्या आठवड्यात तर कहर झाला. मेजवानीच्या प्रवेशासाठी प्लास्टरचे पाव आणि फळे करून रंगवली होती. एका दुपारी त्यातल्या एका पावाचा कोपरा गेलेला आढळला, आणि उरलेल्या भागावर दातांचे ठसे होते. तो पाव हातोहात फिरत काकूंपर्यंत आला. त्यांनी ठशांमधली फट पाहिली आणि टाचण्या तोंडातून काढल्या. लग्नाला तेहतीस वर्षे झाली होती. ती फट त्या ओळखत होत्या.

"अहो, इकडे या जरा."

काका गेले. काकूंच्या पुढ्यात सेनापतीचा कोट उलटा करून पसरलेला होता.

"हा कोट गेल्या वर्षीच्या नटाचा. नवा नट बारीक आहे. चार बोटं कमी करायचा होता. मी काय केलं असेल?"

"कापला असशील."

"कुठे कापला? दाखवा. बाही तोडली? कॉलर उपटून टाकली?"

काकांनी कोट उलटसुलट पाहिला. सगळे जिथल्या तिथे होते.

"याला आठ शिवणी आहेत," काकू म्हणाल्या. "मी प्रत्येकीतून अर्धं बोट आत घेतलं. कुठे कळतंय तरी का? पण चार बोटं गेली आणि कोट कोटच राहिला. तुम्ही मात्र आज बाही तोडता, उद्या पाठ फाडता, आणि परवा उघडे पडून प्लास्टर खाता. दात तरी शाबूत आहे ना?"

"हलतोय थोडा."

"चौकटीत तुम्ही अडताय तेही चारच बोटांनी. मी मोजलंय. आठ आठवडे आहेत. आठवड्याला अर्धं बोट. जमेल?"

"म्हणजे मी सगळं खायचं?" काकांचा आवाज भरून आला. "लोणीसुद्धा?"

"सगळं खायचं. सगळं थोडं कमी. आणि आजपासून मला न विचारता कशालाही कात्री लावायची नाही."

अशा रीतीने काकांच्या आहाराचे शिवणकाम सुरू झाले. पाव परतले, पण चाराचे तीन झाले आणि कालांतराने अडीच. लोणी परतले, मात्र पूर्वी ते पावावर गिलाव्यासारखे थापले जाई, आता रंगाच्या हातासारखे फिरवले जाऊ लागले. चहातला साखरेचा दुसरा चमचा अर्धा झाला. भात वाढायचा डाव काकूंनी गुपचूप बदलला, ताटही कपाटातले लहान काढले, आणि काकांना ते तिसऱ्या दिवशी कळले. भाज्या तेवढ्या पूर्वीइतक्याच, किंबहुना चार घास अधिक. रविवारी केक असे. अर्धा तुकडा, परंतु बशीत घालून, बसून, सावकाश. नाटकगृहापर्यंतचा रस्ता काका बसऐवजी पायी जाऊ लागले, आणि महाराजांना बरोबर घेऊन वाटेत त्यांची भाषणे घोकून घेऊ लागले. महाराज दर कोपऱ्यावर थांबत. ते अभिनयासाठी नसे. तिथे बेकरी असे.

दुसऱ्यांदा वाढून घेण्याची खोड मात्र जाता जाईना. ताट संपले की हात पातेल्याकडे आपोआप जाई. एके दिवशी हात असाच अर्ध्या वाटेवर असताना काका थबकले.

"का हो, काय झालं?" काकूंनी विचारले.

"अगं, महाराज थांबले की मी लगेच शब्द देतो का?"

"नाही. आधी बघता."

"बघतो, की हा नुसता विराम आहे का खरंच अडलंय. पोटाला मात्र मी कधी विचारलंच नाही. ते नुसतं थांबलं की लगेच पुढचं वाक्य वाढतो!" त्यांनी हात मांडीवर ठेवला. "थोडं थांबून बघतो."

ते थांबले. चहा पिऊन होईपर्यंत थांबले. पोट गप्प होते. त्या दिवशी काकांना आपल्याच विद्येचा एक नवा अर्थ उमगला, आणि त्यांनी मनोमन तिला नमस्कार केला. क्वचित एखाद्या दिवशी पोट खरेच अडलेले असे. तेव्हा ते विनासंकोच वाढून घेत. प्रॉम्प्टर मुका असून चालत नाही.

सगळे सरळ पार पडले असे नाही. आठव्या आठवड्यात राणीचे काम करणाऱ्या नटीचा वाढदिवस आला आणि काकांनी केकचे तीन मोठे तुकडे खाल्ले. दुसऱ्या सकाळी ते अपराधी मुद्रेने म्हणाले, "आज मी काहीच खाणार नाही."

"एक टाका वाकडा पडला म्हणून कोट फाडतात का?" काकूंनी पाव पुढे सरकवले. ते नेहमीइतकेच अडीच होते. "पुढचा टाका नीट घाला."

इकडे व्यवस्थापकांनी सावधगिरी म्हणून कारकुनाला एका तालमीस खाली बसवून पाहिले. तो झडपेतून पत्र पेटीत पडावे तसा गेला, आणि महाराजांनी श्वास घ्यायला तोंड मिटले की खणखणीत आवाजात पुढचे अख्खे वाक्य म्हणू लागला. तिसऱ्या वेळी महाराजांनी मुकुट काढून घुमटीवर ठेवला. "मग तूच ये वर. मी तिकिटं विकतो."

चौकट चौथे काज ओलांडून पाचव्याशी आली, सहाव्याशी रेंगाळली. तिथे दोन सोमवार ती हललीच नाही. काकांनी रंगभूषाकाराकडे आशेने पाहिले, पण काकूंनी त्या दोघांकडे पाहिले, आणि नवा सल्ला जन्मालाच आला नाही. बाराव्या सोमवारी चौकट डोक्यावरून निघाली ती थेट पायांशी जमिनीवर पडली. मग काकूंनी त्या रात्री वेचलेली तीन बटणे डबीतून काढली आणि जाकिटाला लावायला घेतली.

शुभारंभाच्या संध्याकाळी काका झडपेपाशी आले, काठाला हात लावला, तो कपाळी लावला, आणि उतरले. सुतार दोरी घेऊन उभा होता. त्याने ती गुंडाळून ठेवली.

महाराज पहिल्या अंकात चारदा अडले. चारही वेळा अंगठा मुठीत गेला, चारही वेळा घुमटीतून दोन शब्द आले, न कमी न अधिक, आणि राजाचे भाषण अखंड नदीसारखे वाहत राहिले. दुसऱ्या अंकात भावाच्या मृतदेहापाशी ते थांबले. इतका वेळ थांबले की विंगेत व्यवस्थापकांनी रुमाल चावला. काकांनी पाहिले, डावा हात मोकळा होता. ते गप्प बसले. त्यांचे पोटही गप्प बसले. त्या शांततेत प्रेक्षागृहात कोणीतरी हुंदका दिला, आणि मग सगळीकडून हुंदके ऐकू येऊ लागले.

पडदा पडल्यावर महाराज, अंगावरचा राजझगा तसाच ठेवून, झडपेपाशी आले. त्यांचे डोळे भरले होते.

"वर येऊ नकोस," त्यांनी खाली पाहून सांगितले. "एकतीस वर्षं तू खाली बसून मला सांभाळलंस. आज राजा खाली येणार."

"महाराज, नको, थांबा..." काका म्हणत होते तोवर राजपाय शिडीवर पडले होते.

पहिले चार आठवडे काकांनी सोडलेले पाव, लोणी आणि बटाटे, आणि पुढे प्रत्येक कोपऱ्यावरची बेकरी, हे सारे वैभव महाराजांनी निष्ठेने पोटाशी धरले होते. ते सगळे आता एकदम झडपेच्या काठावर येऊन टेकले. राजा अडला. पाय आणि डावा हात खाली हवेत, मुकुट मंचावर.

विंगेतून काकू आल्या. त्यांनी झग्याच्या ताणलेल्या शिवणी एका नजरेत मोजल्या. "सोमवारी चौकटीपाशी या, महाराज," त्या म्हणाल्या आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

महाराजांनी बोलायला तोंड उघडले. काकांनी खालून निरखून पाहिले. झग्याच्या चिरेतून लोंबणारा डावा हात हळूहळू मिटला आणि अंगठा मुठीत गेला.

काकांनी घसा साफ केला, आणि फक्त महाराजांना ऐकू जाईल अशा स्वरात दोन शब्द दिले.

"श्वास सोडा."