उतरता सूर

"मान जरा वर करा," लॉरेन म्हणाली. डाव्या हाताच्या बोटांनी तिने रॉय हिंचलिफच्या गालाची सैल कातडी ताणून धरली आणि रेझर खाली ओढला. दुसऱ्यांदा ओढणार, तोच त्याने आपल्या चांगल्या हाताने तिचं मनगट पकडलं.

"बोटं बघू तुझी."

"साबण लागलाय हाताला."

"असू दे. दाखव."

त्याने तिच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, एकेका बोटावरून, सावकाश. मग उजव्या हाताची बोटं चाचपली. ती मऊ होती.

"भांडी घासून एकाच हाताला घट्टे पडत नाहीत," तो म्हणाला. "गिटार कधीपासून वाजवतेस?"

लॉरेनने रेझर पाण्यात बुडवला. आता ही नोकरी गेली, असं तिला वाटलं. तिच्याआधी देखभालीला आलेल्या दोन बायकांना रॉयने घालवलं होतं. एकीने सही मागितली म्हणून, दुसरीने तो जेवताना फोनवर त्याचं चित्रण केलं म्हणून. एजन्सीच्या ऑफिसातून तिला बजावूनच पाठवलं होतं की अंघोळ घाल, औषधं दे, पण गिटारचं नाव काढू नकोस.

"सोळाव्या वर्षापासून," ती म्हणाली.

"आणि चार महिने गप्प बसलीस?"

"तुम्ही हाकलून दिलं असतंत."

"दिलं असतं," रॉय म्हणाला आणि मान पुन्हा वर केली. "उरलेली दाढी कर."

रॉय आमच्याच गावचा. बार्न्सलीजवळच्या या खाणगावातून तो विशीत लंडनला गेला आणि पुढे गिटारवादक म्हणून त्याचं जगभर नाव झालं. पक्षाघाताने डावा हात गेला तेव्हा तो थोरल्या बहिणीकडे, हिल्डाकडे, परत आला. गाव त्याला फारसं छळत नसे. दुकानात भेटला तर लोक हवापाण्याचं बोलत.

लॉरेन बिकरडाइक मात्र त्याच्या एका सुरामागे उभं आयुष्य लागली होती. मावसबहिणीच्या घरी तिने त्याची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली. शेवटच्या गाण्यात मधेच एक सूर होता. बाकीचे गिटारवाले तार ताणत, तेव्हा सूर खालून वर चढताना ऐकू येई. रॉयचा हा सूर आला तोच उंचावरून, आणि मग खाली बसत गेला. बराच वेळ उभा राहिलेला माणूस खुर्चीत टेकावा तसा.

हे कसं होतं ते शोधण्यात तिचा एक अख्खा हिवाळा गेला. तार आधी मुकाट्याने ताणून ठेवायची, मग छेडायची आणि छेडल्यावर सैल सोडायची. ऐकायला काही नसताना, तार नेमकी किती ताणली हे बोटांनाच कळायला लागतं. ते तिला जमलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, वीस वर्षं म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसण्यात गेली, आणि दर रविवारी बेडरूमचं दार लावून ती तोच सूर वाजवत राहिली. पण तिचा सूर गुळगुळीत उतरायचा आणि खालच्या सुरावर येऊन थांबायचा. रॉयचा तसा थांबत नव्हता.

दाढी झाली. तिने टॉवेलने त्याचा चेहरा पुसला आणि ठरवलं, की हाकलणारच असेल तर विचारून जावं.

"त्या शेवटच्या गाण्यातला उतरता सूर," ती म्हणाली. "तो मुक्कामाला पोचतच नाही. अलीकडेच विझतो. असं का?"



"लोक मला विचारतात, तार कुठली, अँप्लिफायर कुठला, पैसे किती मिळाले," तो म्हणाला. "हे कुणी विचारलं नव्हतं. बस."

ती बाथटबच्या कडेवर बसली.

"आमचे वडील खाणीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन फुंकायचे. रविवारी घरी सराव. एक भजन होतं, त्याची शेवटची ओळ वरून खाली येते. मी जिन्यात बसून ऐकायचो. मला वाटायचं, चाल तशीच आहे. खाली येता येता मधेच संपणारी. गिटार हातात आली तेव्हा मी तेच वाजवलं. मग लंडनला एकदा दुसऱ्या कुठल्या बँडचं तेच भजन ऐकलं. ती ओळ चांगली खालपर्यंत आली की. मी चक्रावलोच."

"म्हणजे वडील चुकीचं वाजवायचे?"

"चुकीचं कसलं. छातीत कोळशाची धूळ. दम पुरायचा नाही. हे मला कळलं तेव्हा ते जाऊन दोन वर्षं झाली होती."

लॉरेनने रेझर धुवून ठेवला.

"पुढे जपानची पोरं यायची, ब्राझीलची यायची. मला तो सूर वाजवून दाखवायची. अगदी हुबेहूब, सगळीकडे आमच्या वडलांचा दमा." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला. "उद्या गिटार घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी हिल्डाने दार उघडलं आणि लॉरेनच्या खांद्यावरची पिशवी पाहिली.

"आधीच्या बाईने नुसता फोन आणला होता. तू तर अख्खी गिटारच आणलीस."

"त्यांनीच सांगितलंय."

"त्याला काय, तो काहीही सांगेल," हिल्डा म्हणाली आणि चहाचं भांडं ठेवायला आत गेली.

लॉरेनने वाजवून दाखवलं. रॉय डोळे बारीक करून ऐकत होता.

"छान. पण तुझी फुप्फुसं फार चांगली आहेत," तो म्हणाला. "इकडे सरक. तू तार ताणून धर. छेडतो मी."

ती त्याच्या उजव्या बाजूने उठून डाव्या बाजूला आली आणि त्याला अगदी खेटून बसली. गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी पसरली. गळा तिच्याकडे, खोका त्याच्याकडे. तिने तिसऱ्या बोटाने तार ताणली, मागे दोन बोटांचा टेकू दिला आणि थांबली. खोलीत आवाज नव्हता. रॉयनेही घाई केली नाही. तार बोटात रुतायला लागली तेव्हा कुठे त्याने ती छेडली.

सूर उंचावरून आला. ती हळूहळू सैल सोडत गेली.

"एकसारखी सोडू नकोस. उरलेला दम पुरवून पुरवून वापरतोय असं समज. थोडं सोड, धर, परत थोडं. आणि पोचायच्या आत बोट उचल."

दुसऱ्यांदाही सूर खालपर्यंत आला. तिसऱ्यांदा तिने ऐन वेळी बोट उचललं आणि सूर अर्ध्या वाटेत विझला. रेकॉर्डवर ती इतकी वर्षं ऐकत होती तो हाच, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. हिल्डा हातात फडकं घेऊन दारात आली.

"एवढा वेळ नाही," ती म्हणाली.

"काय?" रॉयने विचारलं.

"बाबांना एवढा वेळ धरवायचा नाही. तू तेव्हा लंडनला होतास. शेवटच्या वर्षी तर याच्या निम्माही नाही."

रॉय लॉरेनकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस ना? आणखी आधी उचल."

लॉरेनने तार पुन्हा ताणली. रॉयचा अंगठा तारेवर टेकला आणि तिथेच थांबला. हिल्डा खुर्ची ओढून बसली, ओलं फडकं मांडीवर घेतलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहू लागली.