पाऊण किलोची थाप

टेबलावर उकडलेली अंडी सहा, लोणी लावलेले पाव आठ, सायीच्या वाट्या तीन आणि केकचे पाच तुकडे. खाणारी मी एकटी. नवरा स्वतःचं आधीच उरकून समोर, हनुवटीखाली हात घेऊन, बघत बसलेला.

तो शिंपी आहे. मी वजनकाटे तपासते. लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझं वजन एकोणीस किलोंनी वाढलं. हे चुकून झालं नाही. त्याला मी भरत जाताना आवडते. दर रविवारी मी काट्यावर उभी राहते, आकडा चढला की त्याचे कान लाल होतात आणि तो माझे कुडते उसवून आनंदाने सैल करतो. मलाही हे आवडायचं. माहेरी आई माझे घास मोजायची. इथे कुणीतरी ‘अजून घे’ म्हणत होतं.

पण मध्यंतरी जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले. थांबायचं होतं, पण सांगायची छाती होईना. आकडा थांबला आणि याचं प्रेमही थांबलं तर? म्हणून मी काटे तपासणाऱ्यालाच सुचेल असा गाढवपणा केला. ‘उद्या दुपारी खाईन’ म्हणत निम्मं जेवण डब्यात घालून कामावरच्यांना वाटू लागले. खरं वजन कामावरच्या प्रयोगशाळेत पाहायचं आणि शनिवारी घरच्या काट्याचा शून्य असा सरकवायचा की आकडा आठवड्याला पाऊण किलो चढेल.

चौथ्या रविवारी आकडा ठरल्याप्रमाणे चढला. नवऱ्याचे कान मात्र लाल झाले नाहीत.

“उभी राहा जरा,” म्हणत त्याने फीत काढली. “काटा म्हणतो, महिन्यात तीन किलो वाढलीस. कंबर म्हणते, दीड इंच घटलीस. आपल्या घरात काटे कोण तपासतं गं?”

“फीत ओढून धरली असशील.”

“चोराच्या उलट्या बोंबा! बारा वर्षं फीत धरतोय मी, बाई. दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तुझे दोन कुडते गुपचूप आत घेतलेत.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

मग बोलले. गुडघ्यांचं आणि भीतीचंही. तो फीत बोटाला गुंडाळत राहिला.

“खोटं नाही सांगत. तुला वाढताना पाहिलं की मला काहीतरी होतं. का, ते मलाही माहीत नाही. ते जाईल असं वचन देत नाही. पण तू नुसती सोसत असशील, हे डोक्यात आल्यापासून अन्न गोड लागत नाहीये.”

“सोसत नव्हते रे. आवडत होतं. आता पुरे झालंय.”

“आणि मी?”

“तू नाही पुरे झालास, वेड्या.”

त्या संध्याकाळी दुसऱ्याच वाढणीला मी ताटावर हात आडवा धरला. “पुरे.”

चमचा हवेत थांबला. मग त्याने स्वतःसाठी ताट घेऊन तो त्यात रिकामा केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याबरोबर जेवायला बसला.

जेवण अठरा मिनिटांत संपलं. गप्पा आवरून आम्ही टेबलावरून उठलो तेव्हा बसल्याला एक तास चाळीस मिनिटं झाली होती.