गजाची दुसरी बाजू

मी एक जुना गज आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. पूर्वी दुकानात ज्या लाकडी पट्टीने कापड मोजत, ती मी. बाळापूरच्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि अंगावर सोळा सारखे भाग आखले. त्यातल्या एका भागाला गिरह म्हणतात.

किसनरावांच्या कापडदुकानात माझा मोठा थाट होता. अर्धा गज म्हणजे आठ गिरह, पाव म्हणजे चार. सोळा निम्मे करत जा. आठ, चार, दोन, एक, कुठेही अपूर्णांक आडवा येत नाही. मला त्याचा फार अभिमान वाटे. पुढे मीटर आला आणि किसनरावांनी मला गयासुद्दीन शिंप्यांच्या वडिलांना देऊन टाकले. तिथे टेप आली. मग मी खिडकीला टेकू म्हणून उभा राहिलो. माझ्या दुसऱ्या बाजूवर खडूची धूळ आणि मशीनचे तेल यांचा काळा थर चढला. त्या बाजूला काय आहे, हे कोणाला आठवेनासे झाले.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेच्या संमेलनात लेझीम होते. पुढच्या रांगेतल्या तीन मुलींना कमरेचे हिरवे जरीचे पट्टे हवे होते. कापडाची रुंदी कमरेला पुरत होती, पण लांबी उरली होती बरोबर एक गज.

"गजाला बेटा, तीन सारखे पट्टे कापून ठेव. आल्यावर शिवतो," गयासुद्दीन आपल्या लेकीला म्हणाले. "ध्यान देजो, थान संपलं. चुकलं तं दुसरं भेटनार नाही." आणि ते अकोल्याला धागे आणायला गेले. टेप त्यांच्या गळ्यातच राहिली.

"आता मोजाचं कायनं?" गजालाने विचारले. मग तिची नजर खिडकीकडे गेली.

कितीतरी वर्षांनी माझ्या अंगाला कापड लागले!

तिसरा पट्टा होता गजालाच्या मैत्रिणीचा, वर्षालीचा. ती शेजारीच बसली होती, तोंड फुगवून. "मागच्या वर्षी फेटे कापले, तवा शेवटचा तुकडा मलेच आला. पोरी चिंधी म्हनत होत्या. यंदा कमी आला तं मी नाचतच नाही."

गजालाने पाच, पाच, पाच गिरह मोजल्या. एक उरली.

"हे कोनाची?" वर्षालीने विचारले.

"तिचे चार भाग करू. एकेक तिघींले." पण चौथा भाग उरलाच. त्याचे पुन्हा चार केले, तरी एक बारीकसा उरला.

"हे तं संपतच नाही व!" वर्षालीला आता रागाऐवजी मौज वाटू लागली होती.

"शेकड्यानं पाहू. तेहतीस टक्के, तेहतीस, तेहतीस…"

"आन एक टक्का? तो काय उंदराले द्याचा?"

घडी घालून पाहिली, तर जरीचे कापड सुळसुळीत, कडा जुळेचना. वैतागून गजालाने मला पालथे टाकले. त्या झटक्याने तेलाचा एक पापुद्रा सुटला. वर्षालीने नखाने थोडे खरवडले. खाली रेघा होत्या, बारीक बारीक. तिने ओल्या फडक्याने मला टोकापासून टोकापर्यंत पुसले आणि मोठ्याने मोजले.

"छत्तीस! गजाला, हे इंच हायेत! तीन आन सहा, नऊ. नवाले तीननं भाग जाते, म्हनजे छत्तीसले बी जाते!"

"आन सोळाचे एक आन सहा, सात. साताले तीननं भाग जात नाही. म्हनून अडत होतं!"

बारा, चोवीस, छत्तीस. दोन खुणा, दोन काप. वर्षालीने कापड ताणून धरले आणि गजालाने कात्री चालवली.

लांबी तेवढीच होती, मित्रांनो. मी एका इंचानेही वाढलो नव्हतो. फक्त सोळा तिघींत वाटता येत नव्हते आणि छत्तीस येत होते. इतकी वर्षे मी सोळाचीच ऐट मिरवली आणि पाठीवरच्या छत्तीसला पारखा झालो.

संध्याकाळी गयासुद्दीनभाईंनी तिन्ही पट्टे एकावर एक ठेवले. कडा कडांना जुळल्या. "यातला तिसरा कोनता?" त्यांनी विचारले.

वर्षालीने पट्टे उलटसुलट केले, पुन्हा पाहिले आणि हसली. "चाचा, आता मले बी नाही सांगता येत!"

आता मी मशीनजवळच्या खिळ्यावर लटकतो. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू धूळ खात पडली असेल. ती टाकून देण्याआधी एकदा पुसा. आणि एखादे गणित अडले, तर चिडू नका. तेही जरा उलटून पाहा.